इंजिनिअर म्हणे सहीपुरता!

सीईटीचा निकाल लागला की हुबळीच्या कमरीपेठेत घरोघरी शाखा निवडण्याची चर्चा सुरू होते. एखादी मुलगी म्हणते, "मी सिव्हिल घेणार." लगेच कुणीतरी काका समजावू लागतात, "अगं, घर बांधतो मिस्त्री. इंजिनिअर लागतो नकाशावर सहीपुरता. त्यासाठी चार वर्षं कशाला घालवतेस?" दरवर्षी हेच ऐकून कान किटले आहेत. या समजुतीने चांगली मुलं चांगल्या क्षेत्रापासून दूर जातात, आणि ती डोक्यात धरून घर बांधणारा माणूस स्वतःच्या कुटुंबाचा जीव धोक्यात घालतो.

मिस्त्रीचं कसब खरंच मोठं आहे. ओळंबा धरून भिंत सरळ नेणं, गिलावा एका पातळीत आणणं, फरशीचा ढाळ नेमका काढणं ही कामं नुसत्या पुस्तकानं येत नाहीत. पण या खांबावर किती भार येणार, खालची माती तो पेलणार का आणि आत किती जाडीची सळई हवी, हे प्रश्न नजरेनं सुटत नाहीत. त्यासाठी गणित लागतं आणि चाचणी लागते.

मातीचंच घ्या. हुबळी-धारवाड दोन प्रकारच्या मातींच्या सीमेवर आहे. पूर्वेला नवलगुंद, कुंदगोळकडे काळी कापसाची माती. पश्चिमेला कलघटगीकडे लाल, मुरमाड. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर घर दरवर्षी थोडं उचलतं, थोडं खचतं आणि भिंतींना तिरके तडे जातात. अशा जमिनीसाठी खाली फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. त्यांच्यासाठी भारतीय मानक संस्थेचं वेगळं मानक आहे. "शेजारच्यानं चार फूट खणलं, आपणही चार फूट खणू" हा हिशेब इथं कामाचा नाही.

आता काँक्रीट. 50 किलोच्या एका गोणीला 25 लिटर पाणी घातलं तर पाणी आणि सिमेंट यांचं प्रमाण 0.5 होतं. माल घट्ट वाटतो म्हणून कामगार आणखी 10 लिटर ओततो आणि प्रमाण 0.7 वर जातं. माल छान पसरतो, स्लॅब लवकर उरकतो, मालक खूश. पण जादा पाणी पुढे उडून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. आयएस 456 या मानकानुसार सळईच्या काँक्रीटमध्ये, अगदी सौम्य हवामानातसुद्धा, हे प्रमाण 0.55 च्या पुढे जाता कामा नये. शंका असेल त्यानं मानक उघडून पाहावं.

हे वरून दिसत नाही, म्हणून तर क्यूब भरतात. 150 मिलिमीटर बाजूचा लोखंडी साचा, त्यात त्याच दिवसाचा माल, दुसऱ्या दिवशी साचा काढून ठोकळा पाण्यात. ठोकळ्याचं वजन भरतं साधारण 8 किलो. 28 दिवसांनी तो यंत्रात ठेवून दाबतात. एम-20 दर्जाचा ठोकळा सुमारे 45 टनांचा भार सोसूनच फुटला पाहिजे. त्याआधी फुटला, तर तो माल ज्या खांबात गेला त्याचं काय करायचं हे ठरवावं लागतं. वेळ पडली तर बांधलेलं तोडावंही लागतं. साइटवर सगळ्यांचा रोष पत्करून "काम थांबवा" म्हणणारा तो इंजिनिअर. याला सहीपुरता म्हणायचं?

19 मार्च 2019 रोजी धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली. 19 जणांचा जीव गेला. आपल्यापासून वीस किलोमीटरवरची ही गोष्ट. एवढं होऊनही ज्यांना आराखडा आणि तपासणी हा कागदी सोपस्कार वाटतो, त्यांच्यापुढे हात टेकावेसे वाटतात.

बरं, सहीचंच बोलू. 2016 च्या रेरा कायद्यानं बिल्डरला ग्राहकांच्या पैशांतला 70 टक्के वाटा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. त्यातून रक्कम काढायची तर इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि चार्टर्ड अकाउंटंट या तिघांचे दाखले लागतात. ताबा दिल्यावर 5 वर्षांत रचनेत दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. म्हणजे त्या सहीवर पैसा अडतो आणि जबाबदारी ठरते.

बाकीचे समज एकेका वाक्यात निकालात निघतात. "जन्मभर उन्हात उभं राहायचं": साइट हा एक भाग झाला, डिझाइन, बिलिंग, क्वांटिटी सर्व्हे, प्लॅनिंग, सुरक्षा ही कामंही पदवीधरच करतात, मात्र सुरुवातीची काही वर्षं साइटवर काढलेला माणूस त्यांत उजवा ठरतो. "मुलींचं काम नाही": पी. के. थ्रेसिया 1944 मध्ये सिव्हिल इंजिनिअर झाल्या आणि 1971 मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता. आपल्या शकुंतला भगत 1953 मध्ये व्हीजेटीआयमधून सिव्हिलची पदवी घेऊन पुढे पुलांच्या रचनेत नाव कमावून गेल्या. "डिप्लोमा केला की पदवी विसरा": डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. "आर्किटेक्ट आणि इंजिनिअर एकच": आर्किटेक्टची पदवी वेगळी, पाच वर्षांची, आणि त्यांचा कायदाही 1972 चा स्वतंत्र आहे. "आपल्या भागात कामच नाही": हुबळी-धारवाड बीआरटीएस, आयआयटी धारवाडचा परिसर आणि हुबळी स्टेशनचा 1,507 मीटरचा, जगातला सर्वांत लांब प्लॅटफॉर्म हे सगळं गेल्या दहा-बारा वर्षांत इथंच उभं राहिलं.

पगाराबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्या मित्रापेक्षा हाती कमी येतं, कामाचे तास जास्त असतात आणि बदल्याही होतात. हे लपवून कुणाला सिव्हिलकडे ढकलू नये. पण तो विचार मुलीनं स्वतः करावा, खरी माहिती हाताशी घेऊन.

म्हणून काका-मावशींना एक विनंती. प्रवेशाआधी मुलाला किंवा मुलीला एखाद्या चालू साइटवर दिवसभर न्या, क्यूब भरताना आणि फोडताना दाखवा. कॉलेज बघायला जाल तेव्हा मटेरियल टेस्टिंगची प्रयोगशाळा चालू आहे का आणि इंटर्नशिप कुठं मिळते, हे विचारा. आणि स्वतःचं घर बांधायला काढाल तेव्हा स्लॅबच्या 28 दिवसांच्या क्यूबचा रिपोर्ट मागून घ्या.