मेंदूच्या नकाशांतील चूक
कंपवातावर उपाय म्हणून मेंदूंत खोलवर बारीक विद्युत्-तार बसवितात, हें पुष्कळांस ठाऊक असेल. तिचें लक्ष्य असलेलें केंद्र भिंगाच्या आकाराचें व जेमतेम कांहीं मिलिमीटर लांबरुंद असतें. तार थोडी बाजूस गेली कीं जीभ अडखळते, स्नायू आखडतात. मग जागा हुडकावी कशी? तालेराक व तूर्नू यांचा १९८८ सालचा नकाशा चित्रणशास्त्रांत दीर्घकाळ प्रमाण होता. पण तो ६० वर्षांच्या एकाच स्त्रीच्या, तोही अर्ध्या मेंदूवरून रचलेला! एकाचा अंगरखा सर्वांस कसा बसावा? पुढें माँट्रियल येथें १५२ जणांच्या चित्रांची सरासरी काढली, तों लहान केंद्रांच्या कडाच पुसट झाल्या. म्हणून आतां रोग्याच्याच मेंदूचें चुंबकीय चित्र घेतात. त्या केंद्रांत लोह अधिक असल्यामुळें तें चित्रांत काळसर उमटतें, व शस्त्रवैद्य त्यावरून तारेची दिशा ठरवितात.