लेकराला उशीर होईल, आपण उशीर करू नये

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊसनोंदीच्या कामाने शिरपूर जैन भागात फिरताना एका सभासदाच्या ओट्यावर चहाला बसलो होतो. खाटेवर नऊ महिन्यांचे बाळ होते. आजी म्हणाली, "साहेब, लेकरू अजून बसत नाही. गिऱ्हाणात सुनेनं विळी हातात घेतली, त्याचं हे फळ." सून दारात मान खाली घालून उभी. 'डाऊन सिंड्रोम' असे डॉक्टरांनी जन्मानंतर लिहून दिलेला कागद पेटीत पडून होता. म्हणून आज उसाऐवजी या विषयावर चार शब्द.

पहिली गोष्ट, हा दोष ग्रहणाचा नाही, विळीचा नाही आणि आईचा तर नाहीच. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांत बहुधा २१ व्या क्रमांकाचे एक जादा असते. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी १९५९ साली हे दाखवून दिले. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते. पण तरुण आईलाही असे मूल होते. हे औषधाने जात नाही. पण लवकर सुरुवात केली तर मूल पुष्कळ शिकते.

नांग्या वेळेत भरल्या तरच उपयोग, हे आपण जाणतो. लेकराचेही तसेच. पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो, तो काळ हातचा जाऊ देऊ नये.

या मुलांचे अंग सैल असते, म्हणून बसणे-चालणे उशिरा येते. व्यायामतज्ज्ञ आठवड्यात फार तर तासभर भेटणार. बाकी सगळा वेळ मूल घरातच. म्हणून त्यांनी दाखवलेले घरी रोज करायचे. जागेपणी, आपण जवळ असताना, पालथे निजवून समोर खुळखुळा वाजवावा. मानेला झटका देऊ नये, वर उडवू नये. तोंडासमोर तोंड नेऊन बोलावे, वस्तूचे नाव घ्यावे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. पुढे वाटी-चमचा त्याच्याच हाती द्यावा. सांडले तर सांडू द्यावे. हे एकट्या आईचे काम नव्हे. बापाने रानातून आल्यावर अर्धा तास द्यावा. आजी-आजोबा, भावंडे आहेतच.

तपासण्या टाळू नयेत. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. कान, डोळे व थायरॉईडही डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यावे.

यासाठी सरकारी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाली. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासते. डाऊन सिंड्रोम त्यांच्या यादीत आहे. पुढील उपचार, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही, मोफत होतात. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारा. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. तोडणी टोळीच्या कोपीवर असे लेकरू दिसले तर त्यांनाही सांगा. त्यांची अंगणवाडी गावाकडे राहिलेली असते.

त्या घरी परवा पुन्हा गेलो. बाळ अजून आधाराशिवाय बसत नाही. पण कागद पेटीतून निघाला, हृदयाची तपासणी झाली, आणि खुळखुळा आता आजीच्या हातात आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी