कोंबडी घरघरू लागली तर काय करायचं?

देऊळगाव राजा तालुक्यात ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांच्याही दारात आठ-दहा गावरान कोंबड्या असतात. हा पैसा बहुधा घरातल्या बाईचा. मुलांच्या वह्या, एसटीचं भाडं त्यातून निघतं. म्हणून थंडीत खुराड्यातून घरघर ऐकू आली की आम्हाला ती किरकोळ गोष्ट वाटत नाही.

घरघर, शिंका, उघडी चोच ही लक्षणं झाली. आजार वेगवेगळे असतात. चेहरा सुजला, डोळा चिकटला, नाकातून घाण वासाचं पाणी आलं तर बहुधा कोरायझा. आठवडेच्या आठवडे घरघर चालते, कोंबडी वाळते पण मरत नाही, तर जुनाट सर्दी. दोन्ही जिवाणूंचे आजार आहेत, औषध लागू पडतं. पण ते पशुवैद्यकाने ठरवावं. मेडिकलमधून माणसांच्या कॅप्सूल आणून पाण्यात टाकू नका. मात्रा चुकते, आणि औषधाचा अंश अंड्यातून आपल्याच लेकरांच्या पोटात जातो.

खरी भीती मानमोडीची, म्हणजे राणीखेतची. हा विषाणू आहे. आधी श्वास लागतो, हिरवट पातळ विष्ठा होते, मग पंख लुळे पडतात, मान पिळवटते. लस नसेल तर जवळजवळ सगळं खुराडं रिकामं होतं. यावर इलाज नाही. हळद-लसूण पाजून विषाणू मरत नाही.

लस मात्र आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांचं झालं की आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण पैशांपेक्षा कुपीची आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. ती 2 ते 8 अंशांत, बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण हे एकटी कसं करणार? इथे तरुणांचं काम आहे. वस्तीतल्या कोंबड्यांची यादी करा, पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून दिवस ठरवा, आणि पहाटे खुराडी उघडण्याआधी घरोघर फिरा. आजारी पक्ष्याला लस देऊ नका. हात धुवा, लस डोळ्यात उडाली तर माणसाचाही डोळा लाल होतो.

खुराड्याकडेही बघा. थंडी म्हणून पत्र्याच्या पेटीला चहूबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलं जातं, आत विष्ठेचा वायू साचतो. वाकून आत डोकावल्यावर आपले डोळे चुरचुरले, तर कोंबडीची छाती रोज तेच सोसते आहे. वरच्या बाजूला हवेची फट ठेवा. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी डालावी.

एकाएकी बरेच पक्षी मेले, तुरे निळे पडले, तर हात लावू नका. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात सुमारे 800 कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी उरलेल्या कोंबड्या घाईने विकू नका, मेलेल्या नाल्यात फेकू नका. 1962 वर फोन करा. भरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. तेव्हा फोन पहिल्याच दिवशी करायचा.