हब मोटरचा टॉर्क आर्म

माळशेज घाट चढून मढकडे येताना सायकल मध्येच थांबली आणि चढावरच पुन्हा हलवायची झाली, की चाकातली हब मोटर आपला सगळा जोर लावते. मागे दुधाचं कॅन असेल तर बघायलाच नको. ती चाकाला पुढे पिळते तेव्हा तेवढाच पीळ उलट दिशेने ॲक्सलवर येतो. साध्या सायकलचा ॲक्सल नुसता भार पेलतो. या ॲक्सलने मात्र जागचं हलायचं नसतं, कारण त्याच्याच आधाराने मोटर चाक ढकलते.

म्हणून त्याच्या दोन बाजू तासून सपाट केलेल्या असतात. त्यांच्यातलं अंतर साधारण १० मिलिमीटर, ॲक्सल ज्यात बसतो ती चौकटीची खाचही जवळपास तेवढीच. समजा, मोटरचा पीळ ४० न्यूटन-मीटर आहे. इतक्या कमी अंतरात तो अडवायचा तर खाचांच्या कडांवर मिळून सुमारे ४०० किलोचा जोर येतो. तोच १० सेंटिमीटरच्या पट्टीने अडवला, तर टोकाशी ४० किलोत भागतं. टॉर्क आर्म म्हणजे ही पोलादी पट्टी. नट करकचून आवळला की झालं, असं बरेच जण धरून चालतात. पण ॲक्सल एकदा डुलू लागला की आधी नटच सैल होतो.

खाच फाकली की ॲक्सल गरकन फिरतो, मोटरची वायर त्याला गुंडाळून तुटते. मोटर पुढे असेल तर चाकच निखळतं. पोलाद निदान आधी वाकतं, ॲल्युमिनियमला थेट तडा जाऊ शकतो. पुढच्या ॲल्युमिनियमच्या चिमट्यात मोटर बसवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बसवताना आधी ॲक्सल खाचेच्या तळापर्यंत जातो का पाहावं. रंग आड येत असेल तर खरवडावा. मग आर्मचं भोक ॲक्सलच्या सपाट बाजूंवर सरकवायचं. ते घट्टच बसलं पाहिजे. ढिलं असेल तर प्रत्येक वेळी मोटर सुरू होताना ॲक्सल आतल्या आत ठोके देतो. ब्रेक लावताना बॅटरी चार्ज करणाऱ्या मोटरचा पीळ तर उलटसुलट होतो, तिथे ही ढिलाई लवकर महागात पडते. आर्मच्या बाहेर नट. त्याला पुरेसे आटे उरले नाहीत तर पातळ आर्म घ्यावा.

आर्मचं दुसरं टोक कुठे बांधायचं, इथे बहुतेकांची गफलत होते. उजवीकडून पाहिलं तर पुढे जाताना चाक घड्याळाच्या दिशेने फिरतं, ॲक्सल उलट वळू पाहतो. म्हणजे मागच्या चाकापासून पुढे जाणाऱ्या नळीलगत ठेवलेल्या आर्मचं टोक वर उचललं जातं. आर्म त्या नळीच्या खाली ठेवला तर तो नळीवरच दाबला जातो. वर ठेवला तर सगळा ताण आर्म नळीला बांधणाऱ्या पातळ क्लॅम्पवर येतो. पुढच्या चाकाला हाच हिशेब लावला, तर आर्म चिमट्याच्या पुढच्या बाजूला येतो.

वायर ॲक्सलमधून निघते तिथे तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे माळशेजच्या पावसाचं पाणी वायरवरून ओघळून मोटरमध्ये शिरणार नाही. नटावर आणि चौकटीवर मिळून रंगाची एक रेघ ओढावी. पहिल्या फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर नट पुन्हा आवळावा. घाटात पंक्चर झालं तर आर्म सोडल्याशिवाय चाक निघत नाही, तेव्हा नटाचा पाना आणि क्लॅम्पचा स्क्रूड्रायव्हर दोन्ही पिशवीत हवेत.