आधी माप, मग पेटी

४ बाय ५ इंची फिल्मचा मोठा कॅमेरा प्रवासात न्यायचा असेल, तर बांधवांनो, पेटीचा भाव नंतर विचारा. आधी कॅमेरा मिटवून, लेन्स काढून, फिल्म-होल्डर शेजारी ठेवून सगळ्याचे माप घ्या. सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे मागची दुधी काच. ती फुटली की फोकस जुळत नाही, आलेले काम हातचे जाते. तिच्यावर फळी बसवा. विमानाच्या डिकीत टाकायचे तर कडक पेटी आणि आत घट्ट फोम हवा. पायी जायचे असेल तर पाठीवरची पिशवीच बरी. कडक पेटी रिकामीही जड असते. न धुतलेली फिल्म मात्र पेटीत ठेवू नका. चेक-इन सामानाच्या एक्स-रेने ती खराब होते. ती हातातच बाळगावी.