दाराची काच बदलताना

मोटारीची समोरची काच आणि दाराची काच या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन पातळ काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक थर दाबून ती तयार करतात. दगड लागला तर तिला तडा जातो, पण ती जागची हलत नाही. गाडी घरापर्यंत आणता येते आणि छोटा तडा असेल तर तो भरूनही मिळतो. दाराची काच बहुतेक गाड्यांत एकपदरी आणि टफन्ड असते. ती एक तर शाबूत असते, नाही तर एका क्षणात तिचे दाणे दाणे होतात. तिची डागडुजी होत नाही, ती बदलावीच लागते.

भिलाईत ही वेळ येण्याचे प्रसंग कमी नाहीत. राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे इथल्या बोलण्यातला जी. ई. रोड, दुर्गपासून रायपूरकडे जाताना भिलाई शहराच्या मधूनच जातो. पोलाद, स्लॅग आणि सिमेंट वाहणारे ट्रक त्याच परिसरात फिरतात, आणि नागपूर, भंडारा, गोंदियाकडे ये-जा करणाऱ्या मराठी कुटुंबांच्या गाड्याही त्याच रस्त्याने जातात. ट्रकच्या जोडचाकांत अडकून उडालेला खडा, अरुंद बोळात घासलेली दुचाकी, गाडीत दिसेल अशी ठेवलेली बॅग आणि तिच्यासाठी काच फोडणारा चोर, ही नेहमीची कारणे. परिणाम एकच: सीटवर, पायाशी आणि दाराच्या पोटात काचेचे दाणे.

ते दाणेच का होतात, हे समजले की पुढची बरीच कामे आपोआप समजतात. तापवून झटकन थंड करण्याची क्रिया भिलाईच्या माणसाला नवी नाही. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव पोलादावर जगते. लोखंडाला पाणी देतात तेव्हा त्याची आतली स्फटिकरचना बदलते आणि ते कडक होते. काचेत स्फटिक नसतातच, त्यामुळे तिथे घडते ते निराळेच. आकार दिलेली काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे जोरदार झोत सोडतात. बाहेरचा थर आधी गोठतो. आतला गाभा मागाहून थंड होतो आणि आकसू पाहतो, पण गोठलेला बाहेरचा थर त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा कायमचा ताणाखाली. साधी काच फुटते ती पृष्ठभागावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा ताणाने उघडतात म्हणून. इथे दाब त्या चिरा मिटून धरतो. म्हणून टफन्ड काच त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते. फ्रान्सच्या द ला बास्ती यांनी १८७४ च्या सुमारास तापलेली काच तेलात बुडवून हाच परिणाम साधला होता. आज तेलाची जागा हवेने घेतली आहे.

मात्र एखादी चीर दाबाचा थर ओलांडून गाभ्यापर्यंत पोहोचली, की कोंडलेला सगळा ताण एकदम सुटतो आणि भेग काचभर पसरते. मोठे, सुरीसारखे तुकडे न होता बोथट कडांचे बारीक तुकडे व्हावेत, हाच तर हेतू. संयुक्त राष्ट्रांच्या ४३ क्रमांकाच्या वाहन-नियमावलीत यासाठी कसोटी आहे: फुटलेल्या टफन्ड काचेच्या पाच सेंटीमीटर लांब-रुंद चौकोनात किमान ४० तुकडे मोजता आले पाहिजेत. भारतात रस्त्यावरच्या वाहनांच्या सुरक्षा-काचेसाठी आयएस २५५३ या मानकाचा दुसरा भाग लागू आहे.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली म्हणजे टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. तिचा बाक, आकार आणि बोल्टची भोके सगळे भट्टीत जाण्यापूर्वीच ठरते. त्यामुळे काच त्या गाडीचीच, त्या दाराचीच आणावी लागते. दुसरी म्हणजे काचेची कड हे तिचे नाजूक ठिकाण आहे. उन्हात उभ्या गाडीची काच आपोआप फुटली, असे भिलाईच्या उन्हाळ्यात पुष्कळदा ऐकू येते. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, हे खरे. पण टफन्ड काच साधारण २०० अंशांपर्यंतचा तापमानातला फरक सोसते. नुसत्या उन्हाने ती फुटत नाही. आत एखादा सैल बोल्ट कडेला घासत असतो, रबराच्या खाचेत खडा अडकलेला असतो किंवा कधी तरी कडेचा टवका उडालेला असतो. ऊन फक्त निमित्त होते. म्हणून काच विनाकारण फुटली असे वाटले, तर नवी बसवण्याआधी ते कारण शोधलेच पाहिजे. नाही तर नवी काचही त्याच वाटेने जाते.

काच फुटल्यावर पहिला मोह होतो तो बटण दाबून पाहण्याचा. तो आवरावा. दाराच्या आतल्या यंत्रणेत दाणे पडलेले असतात. बटण दाबले की ते तारेच्या पुलीत भरडले जातात आणि काचेबरोबर मशीनही बदलायची वेळ येते. दार आपटू नये. जाड हातमोजे घालून चौकटीत अडकलेले तुकडे आतल्या बाजूने हलकेच काढावेत, पण त्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, कारण विम्याला ते लागतात. तात्पुरते झाकण म्हणून जाड प्लास्टिक पुरते. ते दाराच्या चौकटीत आत दाबून दार लावावे. चिकटपट्टी थेट रंगावर लावली तर एका दुपारच्या उन्हात तिचा गोंद रंगावर उतरतो.

काच निवडताना घाई महाग पडते. दुकानात किंवा गॅरेजमध्ये पुढची की मागची, ड्रायव्हर साइड की कंडक्टर साइड, गाडीचे साल आणि मॉडेलचा कोणता प्रकार, एवढे सांगावे लागते. नोंदणीपुस्तकातला चेसिस नंबर दाखवला तर चूक होत नाही. एकाच गाडीच्या स्वस्त आणि महाग प्रकारांत हिरवट छटा, जाडी किंवा बोल्टची भोके वेगळी असू शकतात. काही महागड्या गाड्यांत आवाज कमी यावा म्हणून दाराची काचही लॅमिनेटेड असते. तिथे टफन्ड काच बसली तरी गाडी पूर्वीसारखी शांत राहत नाही. सर्वांत खात्रीचा नमुना गाडीतच असतो: पलीकडच्या बाजूच्या दाराची शाबूत काच. तिच्या कोपऱ्यातला शिक्का वाचावा. त्यात कंपनीचे चिन्ह, आयएसआयची खूण, मानकाचा क्रमांक आणि काच टफन्ड की लॅमिनेटेड याची नोंद असते. भारतात गाड्यांच्या काचा मुख्यतः असाही इंडिया ग्लास आणि सेंट-गोबेन सेक्युरिट या कंपन्या पुरवतात. सेक्युरिटचे कारखाने पुण्याजवळ भोसरी आणि चाकणला आहेत. चालू मॉडेलची काच भिलाई-रायपूरमध्येच मिळते. जुन्या, बंद झालेल्या मॉडेलसाठी नागपूरहून मागवावी लागते, नाही तर भंगारातल्या गाडीची बघावी लागते. भंगारातली काच घेण्यात गैर काही नाही, फक्त तिच्या चारही कडा बोटाने नव्हे, कापडाने चाचपून टवका नाही याची खात्री करावी.

शिक्का नसलेली काच मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. जुन्या जीपच्या किंवा ट्रकच्या सपाट खिडकीत फर्निचरवाल्याकडून साधी काच कापून बसवण्याची रीत अजून कुठे कुठे दिसते. अपघातात त्या काचेचे सुरे होतात, आणि दाराच्या काचेपासून माणसाचा गळा हातभर अंतरावर असतो.

प्रत्यक्ष काम दाराचे आतले आवरण, म्हणजे ट्रिम, काढण्यापासून सुरू होते. आधी बॅटरीची ऋण तार सोडवतात. हँडलच्या वाटीत आणि हात टेकण्याच्या भागाखाली झाकणांआड लपलेले स्क्रू असतात. ते काढल्यावर कडेच्या प्लास्टिक क्लिपा एकेक करून सुटतात आणि आवरण वर उचलून निघते. क्लिपा दोन-चार तुटतातच, त्या नव्या हाताशी ठेवाव्यात. पाठीमागे पॉवर विंडोच्या बटणांचे कनेक्टर आणि कुलपाची तार जोडलेली असते, ती हिसकली जाऊ नये. त्यामागे दाराच्या पत्र्याला काळ्या चिकट पुट्टीने चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा लागतो. तो सावकाश, अखंड सोलून काढणे ही चांगल्या कारागिराची पहिली खूण आहे.

यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे: सफाई. एका दाराच्या काचेचे दाणे कुठे कुठे जातात, हे दार उघडल्याशिवाय कळत नाही. दाराच्या तळाशी ते मुठीमुठीने साचलेले असतात. तिथेच पावसाचे पाणी निथळायची बारीक भोके असतात. दाण्यांनी ती बुजली, तर पहिल्या पावसात पाणी दारात साठते आणि पत्रा आतून गंजू लागतो. काच ज्या खाचेतून वर-खाली सरकते, त्या रबराच्या मऊ अस्तरात दाणे रुततात आणि नव्या काचेवर उभे ओरखडे पाडतात. मशीनच्या पुलीत, स्पीकरच्या मागे, सीटच्या रुळात, मुलांच्या सीटच्या शिवणीत ते बसतात. सीटबेल्टच्या कुलपात एक दाणा शिरला, तर पट्टा नीट अडकत नाही, आणि तो दोष उघड दिसत नाही. नळीला अरुंद तोंड असलेल्या व्हॅक्यूमने तळ साफ करावा, रबराची खाच बाहेर काढून झटकावी, कुलपे उलटी करून ठोकावीत आणि मग दार पुन्हा पुन्हा हलकेच आपटून ऐकावे. खुळखुळ येत असेल तर सफाई झालेली नाही. भिलाईत या दाण्यांना रस्त्यावरच्या बारीक धुळीची भर पडते, त्यामुळे रबर झिजलेले असेल तर ते याच वेळी बदलावे. दार दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी रबराच्या किमतीपेक्षा जास्त होते.

बसवण्याचे काम त्यामानाने सोपे. मशीन अशा उंचीवर आणतात की बोल्टच्या जागा पत्र्यातल्या खिडक्यांसमोर येतील. काच पुढे तिरकी करून वरून दारात सोडतात, खाचेत सरळ करतात आणि मशीनच्या पकडीवर टेकवतात. बोल्ट आधी सैलच ठेवायचे. काच हाताने आधार देत पूर्ण वर नेऊन वरच्या रबरात सारखी बसली, की मग घट्ट करायचे. खाली असतानाच बोल्ट आवळले तर काच किंचित तिरकी राहते. वर जाताना कुरकुरते आणि वेगात वाऱ्याची शीळ वाजते. काच आणि धातू यांच्यामधले प्लास्टिकचे बुश विसरता कामा नयेत, आणि बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळू नयेत.

प्लास्टिकचा पडदा परत चिकटवण्यात गॅरेजमध्ये सर्वाधिक चालढकल होते, कारण आवरण बसले की तो कुणाला दिसत नाही. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरणे हे ठरलेलेच आहे. ते खाली निथळावे आणि केबिनमध्ये येऊ नये, हे काम त्या पडद्याचे. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा संवेदक दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतो. तिथे फाटका पडदा म्हणजे चुकीचे मोजमाप. आवरण लावण्याआधी बंद काचेवर बाहेरून नळीचे पाणी सोडून पाहावे: ते तळाच्या भोकांतून बाहेर पडले आणि पडद्याची आतली बाजू कोरडी राहिली, तर काम नीट झाले.

बॅटरी सोडवलेली असल्याने आपोआप वर जाणारी काच आपली टोके विसरलेली असते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवले, की ती टोके पुन्हा नोंदली जातात. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत असते. बोट अडकल्यास काच मागे फिरण्याची सोय यावरच चालते, म्हणून ही पायरी गाळू नये. दाराच्या सरकत्या काचेला गोंद नसतो, त्यामुळे गाडी लगेच वापरता येते. मागच्या दारातली छोटी पक्की काच अनेकदा चिकटवलेली असते. तिला मात्र गोंद वाळेपर्यंत थांबावे लागते.

विम्यात काचेला एक सवलत आहे: सर्वसमावेशक पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये मालकाला सोसावे लागतात, आणि नो क्लेम बोनसही जाऊ शकतो. हा बोनस पाच वर्षांत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत गेलेला असतो. छोट्या गाडीच्या एका साध्या काचेसाठी तो घालवणे बहुधा तोट्याचे ठरते. दावा करायचाच असेल, तर कंपनीला कळवण्याआधी काम सुरू करू नये. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवावी. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काचेचे काहीच मिळत नाही.

नव्या काचेवर काळी फिल्म लावून देण्याचा आग्रह दुकानात होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०० व्या नियमानुसार बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के, आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून फिल्म लावण्यालाच मनाई केली. पुढे नियमात बदल झाला, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रकाशाचे हे प्रमाण पाळणाऱ्या फिल्मला मोकळीक असल्याचे म्हटले. तरी रस्त्यावर तपासणी करणारा प्रत्येक जण तोच अर्थ लावील असे नाही. उन्हाचाच त्रास असेल, तर कारखान्यातच हिरवी छटा दिलेली काच मागावी. तिचे प्रकाशाचे प्रमाण आधीच नियमात बसवलेले असते.