बोलक्या यंत्राची घडण

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनें १५ ऑगस्ट २०१३ रोजीं 'सारथी' नांवाची सोय सुरू केली. नागरिकांस वारंवार पडणारे प्रश्न व त्यांचीं उत्तरें एकत्र करून तीं पुस्तिका, संकेतस्थळ आणि दूरध्वनि यांच्या द्वारें लोकांपर्यंत पोंचविण्याचा हा उपक्रम. दूरध्वनीवर उत्तर देणाऱ्या माणसाच्या जागीं यंत्र बसवावयाचें झाल्यास काय करावें लागेल, याचा विचार केला म्हणजे 'चॅटबॉट' या वस्तूचें मर्म ध्यानीं येतें.

अमेरिकेंतील जोसेफ वायझेनबाम यांनीं १९६६ सालीं 'एलायझा' ही संभाषण करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. ती विचारणाऱ्याचेच शब्द फिरवून परत करी. अर्थ तिला कांहींच कळत नसे. आजचे रचनाकार बहुधा पायथॉन भाषेंतील 'लायब्ररी' वापरतात. ही लायब्ररी म्हणजे पुस्तकांचें दालन नव्हे, तर कारागिराची हत्यारपेटी होय. बर्लिन येथें सुरू झालेल्या 'रासा' या मंडळीनें खुली केलेली लायब्ररी याच जातीची. तिचीं कामें तीन : विचारणाऱ्याचा हेतु ओळखणें, वाक्यांतून स्थळ-काळादि तपशील वेंचणें आणि पुढें काय बोलावयाचें तें ठरविणें.

मराठींत पहिलेंच काम अवघड होतें. 'पाणी आलें नाहीं', 'पाण्याची तक्रार आहे', 'नळ कोरडा पडला' यांचा हेतु एक, शब्द मात्र निराळे. विभक्ति लागतांच 'पाणी'चें 'पाण्या' होतें. इंग्रजीसाठीं घडविलेलें हत्यार येथें बोथट ठरतें. ही उणीव ओळखून पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' या गटानें २०२२ सालीं सुमारें २ कोटी ४८ लक्ष मराठी वाक्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि पुढें 'महाएनएलपी' ही खास मराठीची पायथॉन लायब्ररी सिद्ध केली.

तथापि हेतु ओळखल्यानें काम संपत नाहीं. 'चाकणला पाणी कधीं येईल?' असें कोणी विचारिलें, तर चाकणला स्वतंत्र नगरपरिषद आहे, आणि औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना पाणी औद्योगिक विकास महामंडळ पुरवितें. केवळ 'पाणी' हा शब्द पाहून यंत्रानें पिंपरीचें वेळापत्रक सांगितलें, तर रात्रपाळी करून आलेला कामगार नळाशीं व्यर्थ ताटकळेल. यास्तव यंत्रानें आधीं 'आपण कोठें राहतां?' असें विचारलें पाहिजे.

सुधारणेचा मार्ग असा. प्रत्येक प्रश्न आपणांस कितपत कळला, याचा अंक यंत्र काढतें. तो ठराविक मर्यादेखालीं असल्यास त्यानें अंदाज न बांधतां पुन्हा विचारावें किंवा प्रश्न माणसाकडे सोंपवावा. फसलेले प्रश्न गोळा करून नमुन्यांत घालावे लागतात, आणि प्रत्येक बदलानंतर जुने सर्व प्रश्न पुन्हा तपासावे लागतात. कारण एक उत्तर सुधारतांना दुसरें बिघडतें. चुकीच्या उत्तराचा भुर्दंड यंत्रास पडत नाहीं, विचारणाऱ्यास पडतो. म्हणून गोड बोलण्यापेक्षां 'हें मला कळलें नाहीं' असें वेळेवर सांगणें, हा गुण यंत्राच्या अंगीं प्रथम आणावा लागतो.